पिंग पोचतं, पण काम होत नाही: दोन सबनेटमधल्या परतीच्या रस्त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याचा सहकारी दूध संघ. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

आवारात दोन इमारती आहेत. रस्त्याकडेची जुनी इमारत म्हणजे कार्यालय: हिशेब, बिलं, साहित्य विभाग, व्यवस्थापकांची खोली. मागच्या बाजूला नवं शीतकरण केंद्र: वजनकाटा, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) तपासायची लॅब, टँकर भरायची जागा. दोन्हींत साधारण दीडशे मीटर अंतर. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणून मधे फायबर ओढलेली आणि दोन्ही टोकांना फायबर आणि तांबं जोडणारे मीडिया कन्व्हर्टर.

कार्यालयाचं नेटवर्क १९२.१६८.१.०/२४, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते (पुढे थोडक्यात १.०). इंटरनेट कंपनीने दिलेला डबा, म्हणजे राउटर, १९२.१६८.१.१ वर, आणि तोच सगळ्यांचा गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायचं दार. संकलन आणि बिलाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर १९२.१६८.१.१० वर. चौदा संगणक, दोन प्रिंटर, एक हजेरीचं यंत्र.

शीतकरण केंद्र बांधलं तेव्हा तिथलं नेटवर्क कॅमेरे बसवणाऱ्याने उभं केलं. त्याने एक घरगुती वायफाय राउटर लावला आणि कार्यालयाकडून आलेली फायबर त्याच्या वॅन (बाहेरच्या, इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टला जोडली. आतल्या बाजूला त्याने १९२.१६८.२.०/२४ हे वेगळं सबनेट, म्हणजे पत्त्यांचा वेगळा गट, दिलं, कारण दोन्हीकडे १.० ठेवून चालत नाही हे त्याला तिथल्या तिथे दिसलं होतं. तेवढं त्याने बरोबर केलं. लॅबचे दोन संगणक, काट्याचा एक, टँकरच्या पावत्यांचा एक, एक प्रिंटर, आणि सोळा कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर अशी सगळी मंडळी या २.० मध्ये.

हे आठ महिने सुरळीत चाललं. कारण त्या राउटरचं नॅट चालू होतं: आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा (माहितीच्या पुडक्यावरचा) पाठवणाऱ्याचा पत्ता पुसून राउटर तिथे स्वतःचा, म्हणजे कार्यालयाच्या बाजूचा पत्ता लिहायचा. लॅबमधून सर्व्हरकडे गेलेली मागणी सर्व्हरला आपल्याच नेटवर्कमधल्या कुणाची तरी वाटायची, उत्तर थेट राउटरला मिळायचं, राउटर ते लॅबला द्यायचा. लॅबने मागायचं आणि कार्यालयाने द्यायचं, एवढ्या एकाच दिशेला रस्ता लागत होता. उलट दिशेला रस्ताच नव्हता, पण त्या दिशेला कुणी जातही नव्हतं.

अडचण

सॉफ्टवेअर कंपनीने काट्याच्या नोंदी घेण्याची पद्धत बदलली. आधी काट्याचा संगणक सर्व्हरकडे नोंदी पाठवायचा. आता सर्व्हरने काट्याच्या संगणकावरच्या सामायिक फोल्डरमधून त्या उचलायच्या होत्या. शिवाय व्यवस्थापक साहेबांना आपल्या खोलीतून टँकरच्या जागेचे कॅमेरे बघायचे होते, आणि बिल विभागाला लॅबच्या प्रिंटरवर पत्रकं काढायची होती. तिन्ही कामं कार्यालयाकडून शीतकरणाकडे जाणारी.

दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल निघतं. नोंदी हातानं सर्व्हरवर घ्यायच्या म्हणजे काट्यावरच्या मामांनी पेनड्राइव्ह घेऊन दिवसातून दोनदा कार्यालयात यायचं. बिलाला सहा दिवस उरलेले असताना मला बोलावलं.

पहिला प्रयत्न, आणि माझी चूक

रचना बघितल्यावर मला उत्तर सरळ दिसलं. मधल्या, म्हणजे शीतकरणाच्या वायफाय राउटरचं नॅट बंद करायचं, त्याची बाहेरच्या बाजूची फायरवॉल (ये-जा अडवणारा पहारा) मोकळी करायची, कार्यालयाच्या बाजूला त्याला १९२.१६८.१.२ हा कायमचा पत्ता द्यायचा, आणि इंटरनेटच्या डब्यात एक स्टॅटिक रूट, म्हणजे हातानं नेमून दिलेली वाट, लिहायचा: १९२.१६८.२.० साठीचं सगळं १९२.१६८.१.२ कडे द्यावं. कार्यालयातला प्रत्येक संगणक अनोळखी पत्त्यासाठी डब्याकडे जातोच, डबा पुढची वाट दाखवेल.

दुपारी तीनच्या सुमाराला हे केलं. कार्यालयात माझ्या लॅपटॉपवरून शीतकरणाच्या प्रिंटरला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' अशी छोटी हाक मारली, उत्तर आलं. एनव्हीआरला केलं, तिथूनही आलं. लॅबमध्ये जाऊन एका संगणकावर इंटरनेट उघडून पाहिलं, तेही चालू. मी निघालो.

संध्याकाळच्या संकलनाला लॅबच्या मॅडमचा फोन आला. "सर, गाड्या लागल्यात, कॅन उतरलेत, आणि सॉफ्टवेअर उघडतच नाहीये. इंटरनेट चालतंय, मोबाइल चालतोय, फक्त आपलं सॉफ्टवेअर नाही."

पहिला खरा निर्णय इथे घ्यायचा होता. मी पस्तीस किलोमीटरवर होतो. फोनवर कारण शोधत बसायचं, की केलेला बदल मागे घ्यायचा? दूध थांबत नाही. कॅन उन्हाळ्यात फार वेळ उघड्यावर राहिले तर दूध आंबतं. मॅडमना राउटरचं पान उघडायला लावलं, नॅट पुन्हा चालू करवलं. सॉफ्टवेअर लगेच उघडलं. मधल्या वीस-पंचवीस मिनिटांच्या नोंदी त्यांनी वहीत घेतल्या होत्या, त्या नंतर भरल्या.

मागे फिरण्याचा निर्णय बरोबर होता, पण तो माझ्या तयारीमुळे नाही, त्या राउटरवर नॅटचं एकच बटण होतं म्हणून सोपा गेला. आणि चाचणी घेताना मी तीन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. पिंग एकाच दिशेने केलं. पिंग पोचलं म्हणजे बाकी सगळंही पोचेल असं मानलं. आणि ज्या सॉफ्टवेअरसाठी हे नेटवर्क आहे तेच उघडून पाहिलं नाही, कारण दुपारी लॅबमध्ये कुणी नव्हतं.

तपास

दुसऱ्या दिवशी सकाळचं संकलन संपल्यावर, साडेअकराला, नॅट पुन्हा बंद केलं. संध्याकाळच्या गाड्या लागेपर्यंत वेळ हातात होता, तरी व्यवस्थापक साहेबांना सांगितलं की तीन वाजेपर्यंत काहीही झालं तरी जुनी मांडणी परत आणीन. मग आधी काय चालतं आणि काय चालत नाही ते कागदावर दिशेसकट लिहिलं. ही यादी एरवी कंटाळवाणी वाटते, पण त्या दिवशी तिनेच वाट दाखवली.

कार्यालयातून लॅबच्या प्रिंटरला पिंग: पोचतं. कार्यालयातून एनव्हीआरचं पान: उघडत नाही, पांढरंच राहतं. लॅबमधून इंटरनेट: चालतं. लॅबमधून सर्व्हरचं सॉफ्टवेअर: नाही. सर्व्हरवरून काट्याच्या संगणकाला पिंग: उत्तर नाही. बिल विभागातल्या एका संगणकावरून प्रिंटरला पिंग: नाही, जरी शेजारच्या संगणकावरून जातं. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे साहित्य विभागातल्या एका जुन्या, विंडोजऐवजी उबुंटू घातलेल्या संगणकावर एनव्हीआरचं पान व्यवस्थित उघडतं.

एकाच आजाराची ही सात लक्षणं असतील असं मानून मी जवळजवळ तासभर घालवला. प्रत्यक्षात तिथे तीन वेगवेगळे दोष एकमेकांवर बसले होते, आणि ते वेगळे केल्याशिवाय एकही सुटणार नव्हता.

बिल विभागातला संगणक सगळ्यात सोपा निघाला. त्यावर पिंगचा निरोप "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" असा होता, आणि तो निरोप देणारा पत्ता त्या संगणकाचा स्वतःचाच होता. हा फरक नीट वाचायला हवा. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" म्हणजे पॅकेट निघालं, उत्तर आलं नाही. दोष वाटेत किंवा पलीकडे कुठेही असू शकतो. स्वतःच्याच पत्त्यावरून "अनरीचेबल" म्हणजे पॅकेट बहुधा घराच्या उंबऱ्याबाहेरही पडलेलं नाही. त्या संगणकाचा पत्ता हातानं भरलेला होता आणि मास्क, म्हणजे कोणते पत्ते आपल्याच नेटवर्कमधले हे ठरवणारा आकडा, २५५.२५५.०.० होता. या मास्कनुसार १९२.१६८ ने सुरू होणारे सगळेच पत्ते आपल्या गल्लीतले. त्यामुळे तो प्रिंटरच्या १९२.१६८.२.५० ला गेटवेकडे न जाता थेट हाक मारत होता, आणि प्रिंटर त्या गल्लीत नव्हताच. मास्क २५५.२५५.२५५.० केला, पिंग गेलं. हा दोष कित्येक महिने तिथे होता आणि कुणाला त्रास नव्हता, कारण २.० कडे जायची वेळच त्या संगणकावर आली नव्हती.

काट्याच्या संगणकाचं मौन हा दुसरा दोष. तो विंडोजवर चालतो, आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगचे आणि पिंगला उत्तर देण्याचे तयार नियम खासगी नेटवर्कवर फक्त आपल्याच सबनेटपुरते मोकळे असतात. दुसऱ्या सबनेटमधून आलेलं पिंग तो मुकाट्याने टाकून देतो. रस्ता धडधाकट असला तरी बाहेरून बघणाऱ्याला तो तुटलेलाच वाटणार. दोन सबनेट जोडणाऱ्या माणसाने विंडोजच्या संगणकाला पिंग करून निष्कर्ष काढू नये. प्रिंटरसारखं, पिंगला सहसा उत्तर देणारं काहीतरी निवडावं. त्या नियमात सर्व्हरचा पत्ता वाढवला आणि काट्याचा संगणक पिंगला उत्तर देऊ लागला. फोल्डर मात्र अजूनही उघडेना.

मूळ दोष तिसरा.

सर्व्हरवर वायरशार्क हे पॅकेट बघायचं सॉफ्टवेअर चालू केलं आणि लॅबमध्ये मॅडमना सॉफ्टवेअर उघडायला सांगितलं. लॅबच्या १९२.१६८.२.३१ कडून जोडणीची मागणी, म्हणजे सिन पॅकेट, सर्व्हरवर येताना स्वच्छ दिसलं. सर्व्हरने सिन-ॲक हे उत्तरही लगेच दिलं. मग पुन्हा सिन, पुन्हा सिन-ॲक, थोड्या थोड्या वेळाने तेच. म्हणजे हाक पोचत होती, उत्तरही निघत होतं, लॅबला मात्र ऐकू येत नव्हतं. त्या सिन-ॲक पॅकेटमध्ये पुढच्या मुक्कामाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) पाहिला: तो मधल्या राउटरचा नव्हता, इंटरनेटच्या डब्याचा होता.

तिथे सगळं उलगडायला लागलं. लॅबचं पॅकेट मधल्या राउटरमधून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये उतरतं आणि सर्व्हरकडे थेट जातं. डब्याला त्याची खबरही लागत नाही. सर्व्हर मात्र उत्तर द्यायला गेटवेकडे, म्हणजे डब्याकडे जातो. डब्याने ते १.२ कडे वळवावं असा रूट मी लिहिलेला होता. पण फायबरच्या कार्यालयाकडच्या टोकाला एक छोटा मॅनेज्ड स्विच घालून त्या पोर्टमधून जाणाऱ्या पॅकेटांची नक्कल लॅपटॉपवर घेतली, तेव्हा सिन जाताना दिसलं आणि सिन-ॲक परत जाताना एकदाही दिसलं नाही. डबाच ते गिळत होता.

व्यवस्थापक साहेब तोवर शेजारी उभे राहून बघत होते. त्यांना समजावताना मला त्यांच्याच फाटकावरचं आवक-जावक रजिस्टर आठवलं. डब्यातली फायरवॉल ही तशीच नोंदवही ठेवते: कोणती जोडणी कुणी सुरू केली, ती कुठल्या टप्प्यावर आहे. गाडी मागच्या दाराने बाहेर गेली आणि पुढच्या फाटकाने परत आली, तर फाटकावरच्या माणसाच्या वहीत तिची जावक नाही. तो तिला आत घेणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. जिची सुरुवात आपण पाहिली नाही अशा जोडणीचं सिन-ॲक डब्याला अवैध वाटतं आणि तो ते टाकून देतो.

उलट दिशेची कोडीही यातून सुटली. कार्यालयातून प्रिंटरला केलेलं पिंग जाताना डब्यातून जातं, डबा नोंद करतो, पुढे पाठवतो. उत्तर मधल्या राउटरमधून थेट कार्यालयात उतरतं. पिंगला एक प्रश्न आणि एक उत्तर पुरतं, म्हणून ते पूर्ण होतं. एनव्हीआरचं पान उघडायला मात्र तीन पावलांचा हस्तांदोलनाचा शिष्टाचार लागतो. पहिलं पाऊल डब्यातून जातं, दुसरं त्याला वगळून येतं, तिसरं पुन्हा डब्याकडे येतं आणि डब्याच्या वहीत दुसरं पाऊलच नाही. तो तिसरं अडवतो. काट्याचं फोल्डर याच कारणाने अडलं होतं. आदल्या दिवशी मला पिंगने दिलेली ग्वाही खोटी नव्हती, फक्त फार थोड्या गोष्टीची होती. आणि लॅबमधलं इंटरनेट चालत होतं, कारण तिथे जाणं-येणं दोन्ही त्याच दोन राउटरमधून होतं.

उबुंटूच्या संगणकाचं काय? पॅकेट ज्या नेटवर्कमधून आलं त्याच नेटवर्कमध्ये परत पाठवावं लागलं, की राउटर पाठवणाऱ्याला एक सल्ला देऊ शकतो: माझ्याकडे वळसा घालू नकोस, १.२ कडे सरळ जा. याला आयसीएमपी रीडायरेक्ट म्हणतात. काही यंत्रं हा सल्ला मानतात, काही सुरक्षेसाठी दुर्लक्ष करतात, आणि ऐकलेला सल्लाही काही काळच लक्षात राहतो. त्या संगणकाला विचारलं की एनव्हीआरच्या १९२.१६८.२.६० ला कुठून जाशील, तर उत्तर आलं १.२ मार्गे, आणि शेजारी रीडायरेक्टची खूण. "एकाच्या संगणकावर चालतं, दुसऱ्याच्या नाही, तेही कधी कधी" अशी तक्रार दोन सबनेटच्या नेटवर्कवर आली, तर मी आता आधी इथे बघतो.

पर्याय

दुपारी दीड वाजला होता. नॅट पुन्हा चालू केलं, जेवताना पर्याय मांडले.

सगळ्यात साधा पर्याय म्हणजे दोन सबनेट ठेवायचीच नाहीत. मधला राउटर नुसता वायफायसाठी वापरायचा आणि सगळ्यांना १९२.१६८.१.० मध्ये आणायचं. सगळी मिळून तीसेक साधनं, आणि एका /२४ मध्ये २५४ पत्ते बसतात. राउटिंगचा प्रश्नच मिटतो. याच्या विरोधात एकच गोष्ट होती, पण ती मला वजनदार वाटली: कॅमेऱ्यांचा एनव्हीआर. त्याचा पासवर्ड कॅमेरेवाल्याकडे, त्याचं सॉफ्टवेअर कुणी अद्ययावत करत नाही, आणि तो उत्पादकांच्या बँक खात्यांची माहिती असलेल्या सर्व्हरच्या शेजारी मोकळा बसवायचा नव्हता.

दुसरा: नॅट तसंच ठेवायचं आणि काटा, प्रिंटर, एनव्हीआर यांच्यासाठी मधल्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करायचं, म्हणजे बाहेरून आलेली ठरावीक मागणी आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवायची. आजच्या तीन कामांना पुरलं असतं. पण चौथं काम आलं की पुन्हा नवा अपवाद, आणि सर्व्हरला लॅबचे सगळे संगणक एकाच पत्त्यावरून आलेले दिसत राहणार. कुणी काय नोंदवलं हे नेटवर्कच्या नोंदींवरून कधीच कळणार नाही.

तिसरा: डब्याला मधून काढायचं. कार्यालयाच्या प्रत्येक संगणकावर आणि सर्व्हरवर २.० साठी १.२ मार्गे असा कायमचा रूट हातानं लिहायचा. तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर, आणि फक्त सर्व्हरवर लिहून लॅबचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता. मोह झाला. पण हजेरीच्या यंत्रात असा रूट लिहायची सोय नाही, आणि नवा संगणक आला की हे लक्षात ठेवून करणारं तिथे कुणी नाही.

चौथा: डब्याची फायरवॉल सैल करायची. तो पर्याय मी लिहिला आणि लगेच खोडला. इंटरनेटकडे तोंड असलेल्या उंबऱ्यावरचा पहारा आतल्या सोयीसाठी काढायचा नाही. शिवाय असे डबे कंपनी दूरून बदलू शकते. आपण लिहिलेलं तिथे किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. हेच कारण माझ्या पहिल्या दिवसाच्या स्टॅटिक रूटलाही लागू होतं, आणि ते मला आदल्या दिवशी सुचायला हवं होतं.

पाचवा: दोन्ही सबनेटचा गेटवे एकच राउटर असावा, आणि तो आपला असावा. कार्यालयाकडून शीतकरणाकडे जाताना आणि येताना त्याच एका फाटकातून जावं लागेल, म्हणजे नोंदवही पूर्ण राहील. इंटरनेटचा डबा त्या राउटरच्या पलीकडे एकटा. यात एक राउटर विकत घ्यावा लागणार होता, आणि बदल करताना सगळं नेटवर्क काही वेळ बंद. पाचवा ठरला. बिलाला चार दिवस होते. दोन दिवसांनी, दुपारच्या मोकळ्या वेळेत करायचं ठरवलं.

काय केलं

मिक्रोटिक कंपनीचा पाच पोर्टचा राउटर घेतला आणि घरीच त्याची मांडणी करून ठेवली. एका पोर्टवर कार्यालय, एका पोर्टवर शीतकरणाची फायबर, एका पोर्टवर इंटरनेटचा डबा.

पत्त्यांचा निर्णय सगळ्यात उपयोगी ठरला. कार्यालयातल्या सर्व्हर, प्रिंटर, हजेरीचं यंत्र अशा सगळ्यांत गेटवे म्हणून १९२.१६८.१.१ हातानं भरलेला होता. तो प्रत्येकाचा बदलण्यापेक्षा १.१ हा पत्ताच नव्या राउटरला दिला, आणि डब्याला १९२.१६८.१००.१ वर हलवलं. राउटर आणि डबा यांच्यामध्ये १९२.१६८.१००.०/३० हे दोनच पत्त्यांचं सबनेट. शीतकरणाच्या बाजूला राउटरला २.१ दिला, जो तिथल्यांचा आधीपासूनचाच गेटवे. नॅट फक्त डब्याकडे तोंड असलेल्या पोर्टवर. त्यामुळे डब्याला आतल्या कुठल्याही सबनेटबद्दल काहीही सांगावं लागत नाही. इंटरनेटला दोनदा नॅट लागतं, पण इथे बाहेरून आत येणारं काही नसल्याने ते चालतं.

दोन सबनेटमध्ये सगळं मोकळं सोडलं नाही. लॅब, काटा आणि टँकरचे संगणक सर्व्हरच्या सॉफ्टवेअरपर्यंत. सर्व्हर काट्याच्या फोल्डरपर्यंत. बिल विभाग प्रिंटरपर्यंत. व्यवस्थापकांचा आणि आणखी एक संगणक एनव्हीआरपर्यंत. एनव्हीआरला स्वतःहून कार्यालयात यायची वाट नाही.

जुना वायफाय राउटर शीतकरणात ठेवला, पण त्याचा वॅन पोर्ट रिकामा, डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद, पत्ता २.२. वॅन पोर्टवर चिकटपट्टी लावून "इथे काही लावू नये" असं लिहिलं, कारण नवं कुणी आलं तर त्याचा हात आधी तिथेच जाईल.

पावणेबाराला सुरुवात केली. अदलाबदलीला चाळीस मिनिटं लागली. नंतरचा दीड तास मात्र मी न मोजलेल्या गोष्टींत गेला. हजेरीचं यंत्र १.१ चा जुना मॅक पत्ता धरून बसलं होतं. बंद करून चालू केल्यावर सुधारलं. मग रोखपाल म्हणाले, माझा संगणक गेला. त्यांची केबल स्विचला नव्हती, थेट इंटरनेटच्या डब्याच्या मागच्या पोर्टला होती, आणि डबा आता वेगळ्या नेटवर्कमध्ये होता. ती स्विचला आणली. पाठोपाठ व्यवस्थापक साहेबांचा लॅपटॉप आणि अर्ध्या कार्यालयाचे मोबाइल. सगळे डब्याच्याच वायफायवर होते. डब्याचं वायफाय बंद केलं, कार्यालयाच्या स्विचला एक ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारं यंत्र) लावला, नाव आणि पासवर्ड तेच ठेवले.

मग यादी घेऊन बसलो, आणि या वेळी प्रत्येक ओळ दोन्ही दिशांनी आणि खऱ्या कामाने तपासली. मॅडमनी चाचणीची नोंद भरली आणि खोडली. मामांनी काट्यावर रिकामा कॅन ठेवला, नोंद सर्व्हरवर आली. बिल विभागातून लॅबच्या प्रिंटरवर पत्रक निघालं. अडीच वाजले होते. संध्याकाळच्या संकलनाला मी लॅबमध्येच उभा राहिलो.

निष्पत्ती

त्या दहा दिवसांचं बिल काट्याच्या नोंदी सर्व्हरने स्वतः उचलून निघालं. पेनड्राइव्ह थांबला.

पुढे वळवाच्या पावसात वीज पडून इंटरनेटचा डबा जळाला. कंपनीच्या माणसाने नवा लावला, त्यात फक्त आतला पत्ता १९२.१६८.१००.१ करायला मी फोनवर सांगितला. तोवर इंटरनेट नव्हतं, पण लॅब, काटा आणि सर्व्हर यांचं काम चालूच राहिलं. पहिल्या दिवशीची माझी मांडणी राहिली असती तर डब्याबरोबर तो स्टॅटिक रूटही जळाला असता, आणि कारण कुणालाच आठवलं नसतं.

एक किंमत आहे: कार्यालयातली वीज गेली की नवा राउटरही जातो, आणि शीतकरण केंद्र एकटं पडतं. राउटर, स्विच आणि मीडिया कन्व्हर्टर आता सर्व्हरच्याच यूपीएसवर आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी डब्यात रूट लिहिण्याआधी एक कागद घेऊन लॅबच्या एका पॅकेटचा जाण्याचा रस्ता आणि त्याच्या उत्तराचा येण्याचा रस्ता असे दोन बाण काढले असते, तर ते वेगवेगळ्या राउटरमधून जाताहेत हे दोन मिनिटांत दिसलं असतं. वायरशार्कची गरजही पडली नसती. आता दोन सबनेट जोडायचं काम आलं की मी गिऱ्हाइकासमोरच हे बाण काढतो. संघाच्या रॅकच्या दारावर आतून असाच कागद लावला आहे, जाण्याचा बाण निळा आणि येण्याचा लाल.

बदलाआधी प्रत्येक केबल कुठून कुठे जाते हे चालत जाऊन बघायला हवं होतं. रोखपालांची केबल आणि डब्याचं वायफाय हे दोन्ही मला तेव्हाच सापडले असते. मी राउटरच्या यादीवर विसंबलो; यादीत पत्ते दिसतात, केबल दिसत नाही.

सगळं एकाच सबनेटमध्ये आणायचा पहिला पर्याय मी आजही पूर्ण सोडलेला नाही. एनव्हीआर नसता तर तोच निवडला असता, आणि तो बरोबर ठरला असता. छोट्या नेटवर्कवर दुसरं सबनेट कुणीतरी विचार करून केलेलं असतं असं नाही. बऱ्याचदा घरगुती राउटरच्या चुकीच्या पोर्टात केबल गेल्याने ते जन्माला येतं. तेव्हा राउटिंग दुरुस्त करायला घेण्याआधी विचारावं की हे दुसरं सबनेट कुणाला हवं आहे.

एक गोष्ट अजून बाकी आहे. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने खासगी नेटवर्कसाठी १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ असे तीन मोठे पट्टे मोकळे ठेवले आहेत, आणि तरी कितीतरी घरगुती राउटर १९२.१६८.१.० च घेऊन येतात. लेखापालांना घरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीने, सर्व्हरवर यायचं आहे, आणि त्यांच्या घरातही तेच सबनेट आहे. त्यांचा लॅपटॉप सर्व्हरला घरातच शोधत बसेल. कार्यालयाचे पत्ते बदलावे लागतील, आणि हातानं भरलेली प्रत्येक नोंद शोधून काढावी लागेल. दिवाळीनंतर, बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ते काम धरलं आहे.